दोनशे चाळिसावी गाठ

मंगळवारी दुपारी सव्वातीन वाजता बंदरावरच्या कस्टम कार्यालयाने माझ्या नवऱ्याचं वर्गीकरण केलं : पॉलिस्टरचे आखूड तंतू, न पिंजलेले, न विंचरलेले, सूतकताईसाठी कोणतीही प्रक्रिया न झालेले.

तंतू म्हणाले, त्याचं मला एवढं काही वाटलं नाही. पण प्रक्रिया न झालेले? सव्वीस वर्षं संसार केलाय मी या माणसाबरोबर. माझ्या तोंडावर असं लिहायची हिंमतच कशी होते कुणाची?

झालं ते असं. आमचे हे, म्हणजे काशिनाथ घरत, बंदरावरच्या गोदामात एकोणीस वर्षं आलेल्या मालाच्या गाठी मोजतात. मोजायची तिथली रीत ठरलेली आहे. गाठीवर थाप मारायची आणि आकडा मोठ्याने म्हणायचा. ज्यावर थाप पडली ते मोजलं गेलं, आणि मोजलेलं परत घेता येत नाही. त्या दिवशी परदेशातून पॉलिस्टरच्या दोनशे चाळीस गाठी आल्या होत्या. दोनशे एकोणचाळिसाव्या गाठीवर थाप मारून हे वळले, शर्टाला पांढरे तंतू चिकटले होते ते झटकायला छातीवर हात मारला, आणि सवयीने तोंडातून निघालं, "दोनशे चाळीस!"

बाजूला कारकून लिहून घेत होता. त्याने लिहिलं. मग यांच्या शर्टावर काळ्या शाईने २४० आकडा टाकला, कमरेला प्लॅस्टिकची पट्टी आवळली आणि यांना बाकीच्या गाठींबरोबर लाकडी फळ्यांवर उभं केलं. खरी शेवटची गाठ तशीच न मोजलेली कोपऱ्यात पडून राहिली. यांनी हरकत घेतली नाही. आकडा यांनी स्वतःच म्हटला होता ना.

बुधवारी मी डबा घेऊन गेले. गोदामाच्या दारावरचा पहारेकरी म्हणाला, "मालाला बाहेरचं काही लावता येत नाही."

"अहो, जेवण आहे ते!"

त्याने नियमांची वही काढली, बराच वेळ चाळली आणि म्हणाला की वजनात दोन टक्क्यांचा फरक चालतो. यांचं वजन अडुसष्ट किलो. त्यात तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि सुकट बसत होती. पाण्याचा तांब्या मात्र त्याने अर्धा ओतून टाकला.

"अहो, असे काय उभे राहिलात?" मी यांना विचारलं. "सांगा ना यांना, तुम्ही माणूस आहात म्हणून."

"नोंद झाली द्वारका," हे भाकरी खात म्हणाले. "नोंदीच्या विरुद्ध कसं बोलायचं?"

"आणि शुक्रवारी काय होणार आहे, माहीत आहे का?"

माहीत होतं. शुक्रवारी हा सगळा माल देशावरच्या एका सूतगिरणीत जायचा होता. प्रक्रिया न झालेला माल तिथे थेट पहिल्या यंत्रात टाकतात. ते यंत्र गाठ फोडून तिच्या चिंध्या करतं. यांनीच मला कौतुकाने सांगितलं होतं, चांगलं यंत्र आहे म्हणून.

मी तडक वर्गीकरण करणाऱ्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे बाईच निघाल्या, शिरगुप्पे मॅडम. वय पस्तिशीचं, चष्मा, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काकू, तंतू हे बदलता येणार नाही," त्या म्हणाल्या. "ते मोजणीतून आलंय. पण यांच्यावर प्रक्रिया झाली आहे असं तुम्ही सिद्ध केलंत, तर जकातीच्या यादीत यांचं वर्गीकरण पुढच्या शीर्षकाखाली जाईल. मग यांना या मालातून वेगळं काढावं लागेल, आणि ज्याने प्रक्रिया केली त्याच्या ताब्यात द्यावं लागेल."

"मीच केली! दुसरं कोण करणार?"

"मग उद्या अकरा वाजता सुनावणी. पुरावे आणा."

रात्रभर मी यादी केली. लग्न झालं तेव्हा हा माणूस गंजिफ्रॉकवर बाजारात जायचा. तंबाखू खायचा. माझ्या आईसमोर पाय पसरून बसायचा. कारल्याला हात लावायचा नाही. रागावला की भांडी आपटायचा. यातलं काय काय मी बदललं, ते माझं मला माहीत! दोन फुलस्केप पानं भरली.

गुरुवारी यांना ढकलगाडीवरून सुनावणीच्या खोलीत आणलं. शिरगुप्पे मॅडमनी माझी यादी एकेक करून वाचली.

"शर्ट घालायला लावला. काकू, हे वेष्टन झालं. वेष्टन म्हणजे प्रक्रिया नव्हे."

"बरं. तंबाखू?"

"कचरा काढणं. ती सफाई होते. सफाईने माल कच्चाच राहतो."

"आणि आता भांडी आपटत नाहीत ते?"

"वय किती यांचं? चोपन्न. साठवणुकीत माल आपोआप मऊ पडतो. तुम्ही काही केलं असं म्हणता येत नाही."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सव्वीस वर्षांची मेहनत, आणि ही पोर म्हणते आपोआप! मी म्हटलं, "कारली खातात! ती काय आपोआप खायला लागले?"

मॅडमनी यांच्याकडे पाहिलं. हे खाली बघत म्हणाले, "भाताखाली लपवतो. नंतर मांजराला घालतो."

मांजर कारलं खात नाही हो. पण ते मी तिथे बोलू कशाला?

"घरत," मॅडम म्हणाल्या, "आता मी तुम्हाला सरळच विचारते, आणि हे शपथेवर आहे. तुमच्यावर कुठलीही प्रक्रिया झाली आहे का?"

एक 'हो' म्हणायचं होतं. एवढंसं 'हो'. हे जरा विचारात पडले आणि म्हणाले, "नाही मॅडम. मी आहे तसाच आहे."

"अहो!" मी उभीच राहिले. "डोकं ठिकाणावर आहे का? उद्या ट्रक आहे! चिंध्या होतील तुमच्या!"

"एकोणीस वर्षं आकडे सांगतोय, एकही खोटा सांगितला नाही," हे म्हणाले. "आता कसं सांगू?"

मेल्याचा बाणा बघा! बायको विधवा झाली तरी चालेल, नोंद चुकायला नको. मला इतका संताप आला की रडू फुटलं. मॅडमनी माझ्याकडे पाण्याचा ग्लास सरकवला आणि चहा मागवला. सुनावणीला हजर असणाऱ्या प्रत्येकाला चहा द्यायचा, असा तिथला नियम आहे. यांनाही मिळाला.

चहा पिऊन झाला. मॅडम आदेश लिहायला लागल्या. तेवढ्यात हे कमरेच्या पट्टीसकट सरकत सरकत ढकलगाडीवरून उतरले, तिन्ही कप बशा उचलल्या, कोपऱ्यातल्या नळावर नेल्या, विसळल्या, दांड्याच्या सांध्यात बोट घालून घासल्या आणि फडक्यावर पालथ्या घातल्या. मग पुन्हा जाऊन आपल्या जागी उभे राहिले.

मॅडमचं पेन थांबलं. "ही मात्र प्रक्रिया आहे," त्या म्हणाल्या. "कच्चा माल असं करत नाही. काकू, ही तुम्ही केली?"

आमच्या घरी या माणसाने जन्मात कप उचलला नाही. प्यायला की जिथल्या तिथे जमिनीवर. मी वाकून उचलायचा, मी धुवायचा, सव्वीस वर्षं! आणि इथे दांड्याच्या सांध्यातसुद्धा बोट घालतात? रोज? एकोणीस वर्षं गोदामातल्या सगळ्यांचे कप हे धुतात, आणि मला पत्ता नाही?

"काकू, नीट विचार करून सांगा," मॅडम म्हणाल्या. "प्रक्रिया गोदामात झाली असेल तर माल गोदामाच्या ताब्यात जाईल. यंत्रात जाणार नाही, पण घरीही येणार नाही."

मला 'हो' म्हणायचं होतं, पण शब्दच फुटेना, इतकी मी चिडले होते. मी नुसती यांच्याकडे बघत राहिले. आणि यांनीही माझ्याकडे बघितलं.

"हिनेच शिकवलं," हे म्हणाले.

"शपथेवर?"

"शपथेवर."

मॅडमनी लिहून घेतलं. शर्टावरच्या २४० आकड्यावर लाल रेघ मारली, पट्टी कापली, आणि कोपऱ्यातली उरलेली गाठ दोनशे चाळिसावी म्हणून मोजायला सांगितली. ती थाप दुसऱ्या माणसाने मारली. मी एका कागदावर सही केली : पॉलिस्टरचे आखूड तंतू, प्रक्रिया झालेले, नग एक, मिळाला.

घरी पोचल्यावर यांना चहा दिला, कारण द्यावा लागतो, आणि कप आपटून ठेवला. यांनी चहा प्यायला. कप जमिनीवर ठेवला. मग पुन्हा उचलला आणि माझ्यामागे स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले.

"द्वारका, शिकव," हे म्हणाले.

"काय?"

"कप धुवायला. शपथेवर सांगून बसलोय. अजून खोटंच आहे ते."

यांचा चेहरा अगदी उतरला होता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच यांनी खोटी नोंद करवली होती, आणि ती माझ्या नावावर. माझा राग काही गेला नव्हता. तो अजूनही गेलेला नाही. पण मी नळ सोडला, कप यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "आधी विसळायचा."

यांनी विसळला. मग दांड्याच्या सांध्यात बोट घातलं.

"ते मी अजून सांगितलेलं नाही," मी म्हटलं.

यांनी बोट काढून घेतलं आणि मी सांगेपर्यंत थांबले.