थेंबबाई आणि शहाण्णव वाट्या

थेंबबाईंच्या हातून थेंब चुकला, असं म्हणणारा माणूस त्या रक्तपेढीत अजून जन्माला यायचा होता. बावीस वर्षं! बावीस वर्षं बाई तपासणीच्या खोलीत उभ्या होत्या, आणि त्यांच्या पिपेटमधून एक थेंब कमी नाही की एक थेंब जास्त नाही. खरं नाव त्यांच्या नवऱ्याला आणि पगारपत्रकाला तेवढं ठाऊक होतं. बाकी सगळ्यांच्या तोंडी थेंबबाई.

"माझा हात म्हणजे तराजू," त्या म्हणायच्या. "फरक एवढाच, की तराजूला कधीमधी पासंग लागतो!"

गोष्ट घडली ती रक्तदान शिबिराच्या दुसऱ्या दिवशी. शिबिर इस्पितळातच झालं होतं. मोठ्या डॉक्टरांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत नव्वद जणांनी रक्त दिलं होतं. खिडकीवरच्या कारकुनानं दिलं, उपाहारगृहातल्या आचाऱ्यानं दिलं, आणि बाईंच्या नवऱ्यालाही बाईंनी घड्याळदुरुस्तीच्या टेबलावरून उठवून, दंडाला धरून आणलं होतं. रक्ताची निकडही तशीच होती. तीन नंबरच्या खोलीत एक सुतार होता. त्याच्याही पुढच्या दिवशी सकाळी नऊला त्याचं मोठं ऑपरेशन होतं आणि चार पिशव्या रक्त हवं होतं. त्याची बायको सकाळपासून रक्तपेढीबाहेरच्या बाकावर बसून होती.

"ताई, मिळेल ना हो रक्त?"

"दुपारपर्यंत तयार!" बाई म्हणाल्या. "माझ्या हातचं काम आहे. निश्चिंत राहा."

आता हे काम म्हणजे काय, ते बाईंच्याच तोंडून ऐकावं. रक्तात काविळीचा विषाणू लपलाय का, हे बघणाऱ्या चाचणीला म्हणतात एलायझा. खोलीत कोणी नुसतं डोकावलं तरी बाई त्याला खुर्चीत बसवून समजावत.

"हे बघा, ही प्लेट. हिच्यात शहाण्णव इवल्या इवल्या वाट्या. प्रत्येकीच्या तळाला प्रतिपिंडं चिकटवलेली. प्रतिपिंडं म्हणजे पहारेकरी! रक्तात विषाणूचा प्रतिजन असला, की पहारेकरी त्याची गचांडी धरतात. मग आपण दुसरे पहारेकरी सोडायचे. त्यांच्या पाठीवर रंग आणणारं विकर, म्हणजे एन्झाइम, बांधलेलं असतं. चोर असेल तर तेही त्याला मिठी मारून बसतात. नसेल तर धुताना वाहून जातात. शेवटी पाण्यासारखं दिसणारं रंगद्रव्य घालायचं. निळं झालं तर चोर आहे, पाण्यासारखंच राहिलं तर घर स्वच्छ!"

नव्वद वाट्या दात्यांच्या. उरलेल्या सहा बाईंच्या पहाऱ्याच्या: दोन मुद्दाम चोर घातलेल्या, तीन खात्रीनं निर्दोष, आणि एक अगदी कोरी, जिच्यात रक्तच नाही.

त्या सकाळी बाई जरा जास्तच ताठ मानेनं आल्या होत्या. त्याचं कारण त्यांच्या पिशवीत होतं. रंगद्रव्य ओतून घ्यायला प्लास्टिकच्या लांबट होड्या असतात. त्यातली एक नवीकोरी होडी बाईंनी वर्षभरापूर्वी घरी नेली होती. केसांच्या पिना ठेवायला झकास मापाची होती, म्हणून! पण गेल्या आठवड्यात भांडारात होड्या कमी भरल्या आणि बाईंच्या मनाला टोचणी लागली. सकाळी निघताना त्यांनी नवऱ्याला फर्मावलं, "अहो, ती होडी स्वयंपाकघरात गेलीय. धुऊन माझ्या पिशवीत टाका." त्यानं टाकली. बाईंनी ती आणून होड्यांच्या चळतीवर सगळ्यांत वर ठेवली. आपल्या घरची वस्तू अस्वच्छ असेल, ही शंका त्यांच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. उलट डोक्यावरचं ओझं उतरलं, असं वाटलं. प्रामाणिकपणा म्हणतात तो हा!

मग काम सुरू. नमुने घातले, तासभर ठेवले, धुतले. दुसरे पहारेकरी सोडले, ठेवले, पाच वेळा धुतले. शेवटी हाताला आली ती वरची होडी घेतली, तिच्यात रंगद्रव्य ओतलं, आठ तोंडांच्या पिपेटनं सटासट शहाण्णव वाट्या भरल्या. प्लेट अंधारात ठेवली आणि बाई चहा घेऊन आल्या.

अर्ध्या तासानं झाकण काढलं, आणि...

निळं! एक वाटी नाही, दोन नाहीत. शहाण्णवच्या शहाण्णव, एका ताग्यातून फाडल्यासारख्या सारख्या निळ्या!

"अगं बाई!" बाई किंचाळल्या. "सगळेच्या सगळे पॉझिटिव्ह!"

पुढचं वाक्य होतं, "कोरी वाटीसुद्धा? शक्यच नाही!" पण ते ऐकायला खिडकीवरचा कारकून जागेवर होता कुठे? पहिलं वाक्य कानात घेऊन तो केव्हाच पसार झाला होता.

तिथून बातमीला पाय फुटले. कारकुनानं आचाऱ्याला सांगितलं, "नव्वदच्या नव्वद जणांना कावीळ!" आचाऱ्यानं हातातला झारा खाली ठेवला आणि स्वतःच्याच हातचा चहा प्यायला नकार दिला. पहारेकऱ्यानं फाटक लावून घेतलं. साथ बाहेर जाऊ नये म्हणून की आत येऊ नये म्हणून, हे त्यालाही सांगता येईना. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली. कारकून मोठा कर्तव्यदक्ष. त्यानं दात्यांची यादी काढून एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. "घाबरू नका," तो प्रत्येकाला अशा आवाजात सांगत होता, की न घाबरणारा माणूसही आडवा व्हावा.

मोठे डॉक्टर आपल्या खोलीत आरशासमोर उभे राहून पापण्या खाली ओढत होते. त्यांना डोळे पिवळे दिसले. भिंतही पिवळीच होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ते तडक बाईंकडे आले.

"बाई, खरं काय ते सांगा. माझा नंबर सतरा."

"सतरा निळा," बाई मान वर न करता म्हणाल्या.

डॉक्टर मटकन स्टुलावर बसले.

"अहो सर, बसताय काय! ही कोरी वाटी बघा. हिच्यात कोणाच्याही रक्ताचा टिपूस नाही. तीही निळी! हिला काय कावीळ झाली?"

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हळूहळू रक्त परतलं. "म्हणजे चाचणीच चुकली?"

"चुकली."

"मग कंपनीचा माल खराब! लिहून टाका तसं. आपण हात झटकून मोकळे!"

बाईंचाही जीव क्षणभर तिकडे ओढला. पण बावीस वर्षांची खोड! त्यांनी बाटलीतलं ताजं रंगद्रव्य काचेच्या नळीत घेतलं आणि घड्याळ लावून बघत बसल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. स्वच्छ, पाण्यासारखं. माल निर्दोष! धुणारं यंत्र तपासलं, तेही निर्दोष. मग नजर गेली कोपऱ्यातल्या वापरलेल्या होडीकडे. तळाला उरलेलं रंगद्रव्य शाईसारखं गडद निळं झालं होतं. या होडीत तर रक्त आलंच नव्हतं! बाईंनी ती उचलून उजेडात धरली. कडेच्या खाचेत पांढरट काहीतरी चिकटलं होतं. आणि एका टोकाला, नखाएवढ्या जागी, त्यांच्याच पिनेचा ओरखडा.

बाईंनी घरी फोन लावला.

"अहो, त्या होडीत काय ठेवलं होतंत?"

"अगं, होडीचं काय घेऊन बसलीस!" पलीकडून रडवेला आवाज आला. "कारकुनाचा फोन येऊन गेला. आता लपवू नकोस. माझ्याकडे किती दिवस आहेत?"

"भरपूर आहेत. होडीत काय होतं?"

"तू लपवत नाहीस, तर मीही काही लपवणार नाही. तुझ्या आईनं दिलेलं भिंतीवरचं घड्याळ चोरीला गेलं नव्हतं. मी ते उघडलं, आणि मला परत जोडता आलं नाही!"

"काय?" बाई फोनमध्ये गरजल्या. "नऊ वर्षं मी शेजाऱ्यांशी धड बोलले नाही! आणि तुम्ही घड्याळजी ना?"

"म्हणून तर सांगता येईना!"

"ते संध्याकाळी बघते. होडीत काय होतं?"

"मुळा! काल किसलेला मुळा ठेवला होता."

"आणि धुतली कशी?"

पलीकडून हळूच, "धुतली म्हणजे... पाणी दाखवलं."

बाईंनी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. दुसऱ्या पहारेकऱ्यांच्या पाठीवर जे विकर बांधतात, ते काढतात मुळ्याच्याच एका तिखट भाऊबंदापासून. आपल्या साध्या मुळ्यातही ते असतंच! घरच्या मुळ्यानं एका फटक्यात नव्वद जणांना आजारी पाडलं होतं.

"सर, चूक माझी आहे," बाई म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी दार लोटलं. आवाज खाली आणला. "बाई, हे तुमच्या-माझ्यात राहू द्या. चाचणी पुन्हा लावा. बाहेर सांगू, यंत्र बिघडलं. बावीस वर्षांचं नाव आहे तुमचं."

बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर पन्नासएक माणसं जमली होती. प्रत्येक जण दुसऱ्याच्या डोळ्यांत डोकावून पिवळं शोधत होता. एकटी सुताराची बायको बाकावर तशीच बसली होती. ती कोणाला काही विचारत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. यंत्र बिघडलं म्हटलं, तर पुढच्या चाचणीवर तिनं विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

"आचाऱ्याला सांगा, एक मुळा घेऊन ये," बाई म्हणाल्या आणि दार उघडून बाहेर आल्या.

बाहेर टेबल मांडलं. दोन नळ्यांत पाण्यासारखं रंगद्रव्य घेतलं. आचाऱ्यानं मुळा किसला. बाईंनी त्याच्या रसाचा एक थेंब, मोजून एकच, एका नळीत सोडला. बघता बघता नळी निळीशार!

"हिला कावीळ झालीय का?" बाईंनी विचारलं.

"नाही!" गर्दी ओरडली.

"मग तुम्हालाही नाही, निदान या प्लेटवरून तरी नाही! इस्पितळाची होडी मी घरी नेली होती. ती माझी पहिली चूक. न तपासता परत आणली, ती दुसरी. पण ऐका, चूक माझी आणि ती शोधलीही मीच! आता नवी प्लेट, नवी होडी. साडेतीन तासांत खरा निकाल देते."

कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. आचाऱ्यानं तर उरलेला मुळा उचलून कचाकचा खाऊन टाकला, जिवावरचं संकट टळल्याच्या आनंदात!

साडेचार वाजता बाईंनी झाकण काढलं. चोर घातलेल्या दोन वाट्या गडद निळ्या. बाकी चौऱ्याण्णव पाण्यासारख्या नितळ. बाईंनी प्लेट तशीच खिडकीशी नेली आणि सुताराच्या बायकोला दाखवली. तिला त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण तिनं प्लेटकडे बघितलंच नाही. बाईंच्या हाताकडे बघून हात जोडले. दुसऱ्या दिवशी नऊला ऑपरेशन सुरू झालं आणि दुपारी सुतार शुद्धीवर येऊन पहिलं काय बोलला, तर खाटेचा डावा पाय हलतोय!

त्याच दुपारी बाईंच्या टेबलावर एक गंमत सुरू झाली. आधी आचारी आला. प्रयोगशाळेची मोजपात्रं, दोन, मुकाट्यानं ठेवून गेला. मग कारकून कात्री घेऊन आला. पहारेकऱ्यानं चिमटा आणला. "उकळत्या पाण्यातून काढलाय, बाई!" असं ठासून सांगितलं. सगळ्यांत शेवटी मोठे डॉक्टर आले. त्यांनी खिशातून प्रयोगशाळेचं स्टॉपवॉच काढलं.

"अंडी उकडायला फार उत्तम होतं हो," ते हळहळून म्हणाले. "साडेसहा मिनिटं, बरोब्बर!"

बाईंची छाती अभिमानानं फुगली. एका माणसाच्या खरेपणानं अख्खं इस्पितळ सुधारतं ते असं! त्यांनी सगळ्या वस्तू ओळीनं मांडल्या आणि यादी करायला पिशवीत हात घालून पेन काढलं.

काळं, जाड, कधीही न पुसणारं. घरच्या डब्यांवर 'साखर', 'मीठ' लिहायला सहा वर्षं वापरलेलं. त्याच्या अंगावर ठसठशीत अक्षरांत छापलेलं होतं: 'फक्त प्रयोगशाळेसाठी'.

बाईंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि ते हळूच मोठ्या डॉक्टरांच्या स्टॉपवॉचखाली सरकवलं.