दिशेचं काही ठरलं नव्हतं!

चाळीस वर्षांची, गंजून लाल झालेली मोटोक्रॉसची मोटारसायकल मी एकटीनं खोलणार, एकटीनं जोडणार आणि सहा महिन्यांत चालू करून दाखवणार, असं मी कंपनीच्या कँटीनमध्ये साठ माणसांसमोर म्हणाले. म्हणाले कसली, ओरडलेच! हातातली पोह्यांची प्लेटसुद्धा टेबलावर आपटली. समोरच्याच्या चहात शेंगदाणे पडले. पण एकदा बोलले की मागं हटायचं नाही, हा माझा स्वभाव!

झालं होतं असं. मी अपेक्षा. वाळूजच्या एका कारखान्यात अठरा वर्षं क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेले पार्ट मोजायचे आणि केसभर जरी चूक सापडली तरी लाल टॅग लावून परत पाठवायचे. त्या दिवशी सकाळीच मी अप्पारावांचे दोनशे बुश परत पाठवले होते. अप्पाराव आमचे लाईन सुपरवायझर. त्यांच्या मिशा अशा, की वळणावर आधी मिशा दिसतात, मग अप्पाराव! नाश्त्याला ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडम, खोट काढणं लई सोपं असतंय. सोताच्या हातानं एक तरी वस्तू चालू करून दाखवा, मग लावा आमच्या मालाला टॅग!"

कँटीन हसलं. आणि खरं सांगते, मला ते लागलं. कारण माणूस बरोबर बोलत होता. अठरा वर्षांत मी लाखभर वस्तू नाकारल्या असतील, पण स्वतःच्या हातानं धड एक खिळा ठोकला नव्हता.

आदल्याच रविवारी घरच्या जुन्या कूलरचा भाव विचारायला रोशन गेटजवळ नवाबभाईंच्या भंगारच्या दुकानात गेले होते, तिथं ती गाडी पाहिली होती. तीच तोंडातून निघून गेली! दुसऱ्या दिवशी कूलर विकायच्या निमित्तानं मी गाडी घ्यायला हजर.

नवाबभाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ताई, ये मट्टी के ट्रॅक पे उड्या मारने की गाडी है. इसकू हेडलाईट नै, हॉर्न नै, ठैरने कू स्टँड बी नै. नक्को लेओ."

"मला हीच पाहिजे."

"भाईसाब चलाएंगे?"

"भाईसाब भूगोल शिकवतात. मी चालवणार!"

नवाबभाईंनी टेम्पोत गाडी चढवून दिली आणि वर, बिचारे, दुवाही दिली.

भाईसाब म्हणजे सोमनाथ, आमचे हे. सिडकोतल्या आमच्या रो-हाऊसच्या दारात टेम्पो थांबला तेव्हा ते नववीचे पेपर तपासत बसले होते. गाडी पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. गाडी तशीच!

"अपेक्षा, तू कूलर विकायला गेली होतीस ना?"

"विकला की!"

"मग हे काय आलं?"

तेवढ्यात माझ्या सासूबाई, दगडाबाई, बाहेर आल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. गाडीला एक फेरी मारून त्यांनी निकाल दिला, "आगं, हिच्यापरीस आपल्या मेलेल्या बैलाची हाडं बरी व्हती!"

मी ऐकून घेतलं नाही. बाह्या सरसावल्या आणि पाना उचलला.

खोलायला चार दिवस लागले. खोलणं सोपंच! बोल्ट निघत नसेल तर हातोडी मारायची, तरीही निघत नसेल तर अप्पारावांचा चेहरा आठवून मारायची. पण खोलल्यावर कळलं, की एका गाडीच्या आत तीन गाड्यांचं सामान असतं. घरातले सगळे डबे भरले. पोह्यांच्या डब्यात क्लचच्या प्लेटा, चहाच्या डब्यात बेअरिंगं, आणि पापडाच्या डब्यात जे होतं ते काय होतं, ते मला आजही ठाऊक नाही. शाळेत चहा करायचाय म्हणून सोमनाथ एकदा चुकून चहाचा डबा घेऊन गेले. मुख्याध्यापकांनी म्हणे विचारलं, "हे कोणत्या बागेतलं?"

मग आला कार्बोरेटर. आत पेट्रोल सुकून चिकटून बसलेलं. चिंचेच्या पाण्यात उकळला की लख्ख निघतो, असं मी वाचलं होतं. पातेलं ठेवलं गॅसवर, कार्बोरेटर सोडला आत, आणि टाकी घासायला अंगणात गेले. आत्याबाईंना वास आला चिंचेचा. त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. चिंचेचं सार उकळतंय आणि त्यात गूळ नाही, मीठ नाही, फोडणी नाही! सून नोकरीवाली, बिचारीला वेळ नसतो, असं म्हणत त्यांनी मोठ्या मायेनं गूळ घातला. मोहरी, जिरं, कढीपत्ता, लाल मिरची अशी चरचरीत फोडणी दिली. आणि दुपारी सोमनाथांच्या ताटात सार वाढलं!

"अपेक्षा!" आतून आरोळी आली. "हा शेवगा आहे का?"

मी धावत आले. त्यांच्या चमच्यात कार्बोरेटरमधला पितळेचा फ्लोट होता. "पिलात का तुम्ही?"

"वास घेतला फक्त. पेट्रोलपंपावर जेवायला बसल्यासारखं वाटलं."

"आगं, मला काय म्हाईत!" आत्याबाई कडाडल्या. "लोकांच्या घरी सारात शेंगा असत्यात. तुमच्या घरी यंत्रं शिजायलीत!"

मी पातेल्यातून कार्बोरेटर काढला. काय सांगू! नव्या नवरीच्या नथीसारखा चमकत होता! चिंचेनं चमकला की गुळानं, ते कळलं नाही. मोहरीचे दाणे मात्र टाचणीनं काढावे लागले.

सोमनाथ म्हणाले, "झालं तेवढं पुरे. दे आता नवाबभाईंना परत."

"हे सगळं अप्पारावांना सांगाल का तुम्ही? की अपेक्षा फोडणीला भ्याली?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. पण दुसऱ्या दिवसापासून शाळेतून आल्यावर ते गुपचूप स्पोक घासायला बसू लागले. तारीख जवळ येत होती.

साडेपाच महिन्यांनी गाडी उभी राहिली. म्हणजे भिंतीला टेकून उभी राहिली, कारण स्टँड नव्हताच. शेवटचं काम राहिलं होतं इग्निशनचं. ठिणगी नेमकी कधी पडायची, ते ठरवणारी एक गोल प्लेट असते. तिच्यावर दोन खुणा होत्या, एक पुसट, एक ठळक. मोजायला हवं होतं. पण कंपनीतल्यांना बोलावलेला मुदतीचा रविवार तोंडावर आलेला. मी ठळक खूण धरली आणि स्क्रू आवळले. अठरा वर्षं क्वालिटीत काढलेल्या बाईनं अंदाजपंचे काम केलं! दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याच्या कपाळाला टॅग लावला असता मी.

गाडी घरी चालू करून पाहता आली नाही. शेजारी बाळंतीण होती. सायलेन्सरच्या नावानं फक्त एक पाईप असलेली गाडी गल्लीत सुरू केलीस तर बघ, अशी तंबी आत्याबाईंनी दिली होती. म्हणून मग थेट फुलंब्री! तिथं आमची शेती आहे, माझे दीर सर्जेराव ती बघतात.

श्रावणातला रविवार. सोमनाथ आणि आत्याबाई बरोबर होतेच. कंपनीतून अकरा जण आले, सगळे इस्त्रीच्या कपड्यात. अप्पाराव तर पांढऱ्या शर्टात, जणू माझ्या पराभवाचं उद्घाटन करायला आलेले! मी कंपनीचेच सेफ्टी शूज घातले होते, डोक्याला हेल्मेट. समोर नांगरलेलं मोकळं रान. मागं बाभळीच्या सावलीत बाज टाकलेली आणि तिच्या पलीकडं सर्जेरावांची कांदाचाळ, बांबू आणि जाळीची, गळ्यापर्यंत भरलेली.

अप्पारावांनी लगेच सुपरवायझरकी सुरू केली. "समोर कुणी उभं राहू नका! पहिलीच गाडी हाय मॅडमची. ब्रेक लागतील, नाय लागतील. समदे मागं या, मागं सेफ हाय!"

सगळे गाडीच्या मागं गेले. अप्पाराव सगळ्यात सेफ जागी, बरोबर मधोमध, बाजेवर बसले.

मी किक मारली. काही नाही. दुसरी. काही नाही. मागून कुणीतरी खोकलं, मला ते खोकणं वाटलं नाही. सातव्या किकेला लिव्हर अशी उलटी उसळली, की पाय थेट हनुवटीकडं आला! आणि त्याच झटक्यात गाडी सुरू झाली! असा आवाज, की बाभळीवरचे बगळे गाव सोडून गेले. निळा धूर निघाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुरानं नव्हतं.

"अप्पाराव!" मी आवाजावर ओरडले. "बघा आता!"

क्लच दाबला, पहिला गियर टाकला, समोरच्या रानावर नजर रोखली, आणि क्लच सोडला.

गाडी मागं निघाली!

हसू नका. जुनं टू-स्ट्रोक इंजिन, ठिणगी वेळेआधी पडली तर उलटं फिरायला लागतं. आणि इंजिन उलटं फिरलं की पहिला गियर मागं नेतो. हे मला आज पाठ आहे. त्या क्षणी मला एवढंच कळलं, की रान लांब चाललंय! घाबरून मी मूठ आवळली, आवळताना ती पिळली गेली, आणि गाडीनं वेग घेतला.

"मॅडम, समोर! समोर!" अप्पाराव बाजेवरून ओरडत होते.

"समोरच चाललेय!" मीही ओरडले. मी काय बोलत होते, देव जाणे.

अकरा माणसं चिमण्यांसारखी उडाली. अप्पारावांनी बाजेवरून जी उडी मारली, तशी उडी त्या मोटारसायकलनं तिच्या ऐन तारुण्यातही मारली नसेल! बाज मोडली. माझे दोन्ही पाय जमिनीवर घासत होते, हँडल वाटेल तिकडं वळत होतं. आणि मग मागून धाडकन आवाज झाला. बांबू कडकडले, जाळी फाटली. पुढच्याच क्षणी माझ्यावर कांदे कोसळायला लागले. डोक्यावर, खांद्यावर, हेल्मेटच्या काचेवर. शेवटी गाडी गुदमरून बंद पडली. शांतता. फक्त कांदे उताराला टप टप घरंगळत होते, थेट विहिरीकडं.

"विहीर!" सर्जेराव किंचाळले. "आरं, आडवा त्यान्ला!"

मग जे झालं ते कंपनीच्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. इस्त्रीच्या कपड्यातली अकरा माणसं चिखलात लोळून कांदे अडवत होती. सोमनाथ विहिरीच्या काठाशी दोन्ही हात पसरून उभे. आत्याबाई काठी घेऊन कांद्यांना शिव्या देत होत्या, का मला, ते नीट ऐकू आलं नाही.

कांदे वाचले. सर्जेरावांचा चेहरा मात्र बघवत नव्हता. मी कांद्यांतून बाहेर आले आणि म्हणाले, "भाऊजी, चाळ मी उभी करून देते. आणि माल असा ढिगानं परत भरायचा नाही. आधी निवडायचा!"

सगळ्यांना ओळीत बसवलं. चांगला इकडं, मऊ पडलेला तिकडं, कोंब आलेला तिसरीकडं. पावसाळी हवेनं आतले किती सडत आले होते! चार वाजेपर्यंत साठ गोण्या निवडून झाल्या. सर्जेराव हळूच म्हणाले, "वहिनी, निवडायला पंधरा दिस झाले बाया भेटंनात मला." आणि त्यांनी सगळ्यांना चहा ठेवायला सांगितला.

अप्पाराव मिशांतून कांद्याची सालं काढत माझ्यापाशी आले. "मॅडम, हरलात की वो."

"का म्हणून?" मी उठून उभी राहिले. "तुम्ही काय म्हणालात? चालू करून दाखवा! झाली ना चालू? दिशेचं काही ठरलं नव्हतं!"

अप्पारावांनी गाडीपाशी वाकून पाहिलं. मग म्हणाले, "टायमिंग चुकलंय. सरका, मी बघतो."

"हात लावायचा नाही!"

मी एकटीच बसले. झाकण उघडलं. ठळक खूण कुणीतरी पूर्वी चुकून ओढलेला ओरखडा होता, खरी खूण ती पुसट. या वेळी मोजून बसवली, दोनदा मोजून. अठरा वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका पकडल्या. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःची पकडली आणि स्वतःच दुरुस्त केली. तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली आणि पुढं गेली! अख्ख्या रानाला तीन फेऱ्या मारल्या. एका बांधावरून तर वीतभर हवेत गेले! अप्पारावांनी चिखलानं भरलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या!

पण त्याचा व्हिडिओ कुणी काढला नाही. सगळ्यांचे हात चिखलात. व्हिडिओ होता तो फक्त पहिल्या फेरीचा, आणि संध्याकाळपर्यंत तो कंपनीच्या ग्रुपवर तीनशे जणांनी पाहिला.

सोमनाथांना माझी दया आली. त्यांनी मोबाईलवर काहीतरी खटपट करून तो व्हिडिओ उलटा फिरवला. आता त्यात मी कशी झोकात पुढं जाताना दिसते! तेवढाच मी सोयगावला, माझ्या माहेरी पाठवला. वाटलं, आईला तरी लेकीचा अभिमान वाटेल.

पाचच मिनिटांत आईचा फोन आला. "अपेक्षा, बघितला गं व्हिडू. चारदा बघितला."

"मग? कशी वाटली?"

"लई भारी! मला एवढंच सांग बाई, खाली सांडलेले कांदे आपोआप उड्या मारून चाळीत जाऊन बसत्यात, ते मशीन कुठं मिळतंय?"