हरिदासबाबूंचं शून्य

१९८६ साली आलापल्लीच्या वनकार्यालयात जपानीचा वर्ग भरत असे, हे आज सांगितलं तर कोणी खरं मानत नाही. जपानला लाकूडशास्त्र शिकायला एक माणूस जायचा होता. तिथले लेख वाचता यावेत म्हणून सुगंधाबाई बारा जणांना शिकवत. प्रगती मोजायला त्यांनी एक परीक्षा बेतली: सागवान वाळवण्यावरचा उतारा आणि खुणा करायच्या चौकटी. तीच पहिल्या दिवशी, तीच सहा महिन्यांनी. ज्याची वाढ जास्त, तो जपानला. कोणाचीच वाढ नसली तर वर्ग बंद.

पहिल्या दिवशी बहुतेकांनी अंदाजानं खुणा केल्या. वनरक्षक मुखरूला वीस गुण मिळाले. हेडक्लार्क हरिदासबाबूंना मात्र शून्य. गुण नागपूरला कळवायचं काम त्यांचंच.

दुसरी परीक्षा झाली आणि नागपूरहून पत्र आलं: 'वर्गाची सरासरी प्रगती उणे बावीस. खुलासा करावा.'

बाई तडक हरिदासबाबूंच्या टेबलाशी गेल्या.

"भाऊ, पहिले गुण किती कळवले होते?"

"सगळ्याइले नव्वद. मले पंच्याण्णव."

"काऊन पण?"

"आपल्या हापिसातून शून्य वर जात नाई, बाई. सायेब खुलासा मागते."

"आता मागूनच राह्यले ना!"

"मंग दुसऱ्या परीक्षेचे एकशे दहा कळवू?"

"शंभरातले?"

हरिदासबाबूंनी पेनाला टोपण लावलं.

"पहिले पेपर जाळले का?"

"हापिसातला कागद जाळाचा असते का, बाई!" त्यांनी लाल फडक्यातला बस्ता सोडला. सर्वांत खाली त्यांचा पेपर. लिहायला काही नसलं तरी रकाना कोरा ठेवायचा नाही, ही वीस वर्षांची सवय; म्हणून प्रत्येक चौकटीत वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'निरंक'.

"माहा तेवढा राहू द्या. बायकोले पंच्याण्णव सांगतले हो!"

"वर्ग बंद पाडता काय? सगळेच पेपर जातील."

पेपर नागपूरला गेले. तिथे नव्यानं वजाबाकी झाली. मुखरूचे आता ब्याऐंशी, म्हणजे वाढ बासष्ट. हरिदासबाबूंचे एकाहत्तर, आणि वाढही एकाहत्तर. जपानला हरिदासबाबू!

"बाई," मुखरू म्हणाला, "पहिल्या दिवशी मी उगाच डोकं लावलं."

वर्ग आणखी तीन वर्षं चालला. मुखरू पुढच्या तुकडीतून जपानला गेला. तेव्हा त्यानं पहिल्या दिवशी पेनच उघडलं नव्हतं. सुगंधाबाई चंद्रपूरला स्थायिक झाल्या. हरिदासबाबूंचं जपानहून आलेलं पत्र त्यांच्याकडे अजून आहे. दोन पानं सुरेख जपानी, आणि शेवटी मराठीत एकच ओळ:

'तक्रार: निरंक.'