रेषेची हक्काची रजा

युद्धबंदी रेषेने एकतीस वर्षांच्या सेवेनंतर पहिल्यांदाच रजेचा अर्ज दिला, आणि तो मेजर वसुधा इंगवले यांच्या टेबलावर आला.

रेषा बारा किलोमीटर लांब, पांढऱ्या फक्कीची. अर्ज द्यायला तिचं एक टोक तेवढं तंबूत आलं होतं. बाकीची जागेवरच होती, कारण ड्यूटीची वेळ होती.

"कारण?" वसुधाबाईंनी विचारलं. साताऱ्याहून शांतिसेनेत येऊन त्यांना चारच महिने झाले होते.

"पाठ धरलीय," रेषा म्हणाली. "आणि समुद्र पाहिलेला नाही."

"किती दिवस?"

"पंधरा."

हवालदार पिराजी मगदूम त्यांच्या कानाशी लागले. "मॅडम, ही हलली की दोन्ही फौजा एकमेकींच्या उरावर बसतील. मुख्यालयाला विचारू."

मुख्यालयात शांतिसेनेच्या सुधारणेसाठी समिती बसली होती. नऊ वर्षं झाली, अजून उठली नव्हती. वसुधाबाईंनी नियम चाळले. शांतता राखणाऱ्या कर्मचाऱ्याला रजा नाकारता येत नव्हती, आणि इथे शांतता राखत होती ती हीच. त्यांनी सही केली. रेषेनं स्वतःला गुंडाळलं, ट्रकमध्ये बसली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेचे कर्नल तोफा घेऊन हजर झाले. "आम्ही हल्ला करणार."

"कोणावर?" वसुधाबाईंनी नोंदीसाठी पेन काढलं.

"पलीकडच्यांवर."

"कशाच्या पलीकडच्यांवर?"

कर्नलांनी जमिनीकडे पाहिलं. गवत होतं. एवढ्यात दक्षिणेचे कर्नलही आले आणि तेही गवताकडे पाहू लागले. दोघांच्याही आदेशात 'रेषेपलीकडे' एवढंच लिहिलं होतं. तोफेचं तोंड कुठे करायचं ते ठरेना. दुपारी पिराजींनी पिठलं केलं, तेव्हा दोघे जेवायला बसले.

तिथेच एकमेकींपासून अकरा पावलांच्या अंतरावर दोन बहिणी राहत. एकतीस वर्षं त्या रेषेच्या दोन बाजूंनी ओरडूनच बोलत आल्या होत्या. त्या दुपारी थोरली चालत धाकटीच्या दारात आली आणि सवयीनं ओरडली, "म्हातारी झालीस गं!"

"हळू बोल," धाकटी म्हणाली, "ऐकू येतंय."

मग दोघी हसत सुटल्या, ते बाहीनं डोळे पुसेपर्यंत. थोरलीची जड खाट धाकटीकडे न्यायला सहा शिपाई लागले. कोण कुठल्या फौजेचा, हे कोणी विचारलं नाही. वसुधाबाईंनी स्वतः उशी उचलली.

पंधराव्या दिवशी रेषेची तार आली: 'समुद्र फार मोठा. रजा वाढवावी.' वसुधाबाईंनी वाढवली आणि समितीला एका ओळीचा प्रस्ताव धाडला: 'रेषांना रजा द्यावी.' त्यावर सही करायला समिती उठली.

सोमवारी तंबूबाहेर चार परक्या रेषा अर्ज घेऊन उभ्या होत्या. त्यांतली एक तर अजून आखलीच गेली नव्हती, नुसती ठरली होती. ती सगळ्यांत दमलेली दिसत होती.

"हिला आधी आत घ्या," वसुधाबाई पिराजींना म्हणाल्या, "आणि चहा सांगा."