सासूबाईंचा दगड

येरेमेय साव्हेलिचनं यंदा ठरवलं, सफरचंदं मुरवायचं पीप आपणच घालायचं. (इथेच त्याला कुणीतरी खुर्चीला बांधायला हवं होतं.)

पण गडी इरेला पेटला होता. लेकीचे सासरे प्लातोन, थेट दक्षिणेतून, कुबानहून नाताळला येणार होते. गेल्या खेपेला त्यांनी आपल्याकडच्या लालबुंद, गोड सफरचंदांची टोपली पुढ्यात ठेवली आणि अंगणातल्या अंतोनोव्काकडे, आंबट सफरचंदाच्या झाडाकडे, बघून म्हणाले, "व्याहीबुवा, हे झाड सरपणाला बरंय!"

सरपण! ज्या हिवाळ्यात अख्ख्या गावाच्या बागा गोठून मेल्या, त्यानंतर वसंतात हेच एक झाड फुललं होतं. येरेमेयच्या बापानं लावलेलं. त्याची फळं माळ्यावर ठेवली की सारं घर दरवळायचं. ती पोटात भरल्याशिवाय बदक भट्टीत जात नसे. मुरंबा त्याचाच, वड्या त्याच्याच. आणि पिपात मुरलेलं फळ? पहिल्या घासाला डोळे मिटतात, दुसऱ्याला हात आपोआप पुढे जातो.

"व्याह्याचा चेहरा आंबट केला नाही, तर नाव बदलीन," येरेमेय म्हणाला.

"नाव राहू दे. झाकणावर दाबाला माझ्या आईचा दगड ठेव म्हणजे झालं," ग्लाफिरा, त्याची बायको म्हणाली.

"तो काळा धोंडा? तुझी आई गेली, तरी माझ्या उरावरून उतरत नाही!"

ग्लाफिरा गाईकडे गेल्यावर त्यानं नदीकाठचा पांढराशुभ्र, देखणा दगड झाकणावर ठेवला. पाणी झाकणाच्या वर आलं, दगड निम्मा बुडाला. थोड्याच दिवसांत पीप फसफसू लागलं.

"बघ, कसली धमक आहे!" येरेमेयची छाती फुगली. ग्लाफिरानं दगडाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि तळघरात निघून गेली.

नाताळला पीप उघडलं. दगड झिजून पावाएवढा उरला होता. प्लातोननी फळ चावलं. येरेमेय त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

"वा! आंबटपणाचं नावसुद्धा नाही! अगदी आमच्यासारखं!"

येरेमेयनं पिपात हात घातला. त्यानं घाईघाईनं चावून पाहिलं. चुना लावलेली भिंत चाटल्यासारखं लागलं.

"अरे शहाण्या, आंबटावर चुनखडी ठेवतं का कुणी? सगळा आंबटपणा दगडानं गिळला," ग्लाफिरा म्हणाली आणि तळघरातून एक छोटं मडकं घेऊन आली. वर सासूबाईंचा काळा धोंडा.

प्लातोननी घास घेतला. डोळे मिटले, कान लाल झाले, तोंडाचा चंबू झाला. आणि हात पुन्हा मडक्यात गेला.

"याला मी सरपण म्हणालो? जीभ झडो माझी!"

"दगड पचवणारं फळ आहे ते, व्याहीबुवा!" येरेमेय गरजला. त्याला खरोखर भरून आलं होतं.

प्लातोननी बाटली उघडून पेले भरले. पहिला अंतोनोव्काला, दुसरा ते लावणाऱ्या बापाला, तिसरा विहीणबाई ग्लाफिराला, चौथा सासूबाईंच्या दगडाला. सगळे उभे राहून प्याले. आता आपलीच पाळी म्हणून येरेमेयनं मिशा पुसल्या, नम्रपणे मान खाली घातली आणि पेला पुढे केला.

बाटली संपली होती.