तीन नंबरचा उजेड

हे तुम्हांला पटणार नाही. भवानी पेठेत आजवर माझं एकही खरं बोलणं कुणाला पटलेलं नाही! तरी सांगतो. मी, ईश्वरप्पा, एका उंदराच्या उजेडात वर्तमानपत्र वाचलंय.

टॉवेलचे रंग अंगाला बाधतात का, हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी पिंजरे झाडायचो. पूर्वी एकेका रंगापायी चाळीस उंदीर लागत. रोज थोडे कापायचे, आत सूज आली का बघायचं. मग कॅमेऱ्याचा काळा डबा आला, आणि उंदीरही असे आले की सूज आली तिथं अंग आतून उजळतं. गुंगी द्यायची, डब्यात फोटो काढायचा, पुन्हा पिंजऱ्यात. सोमवारी तोच, गुरुवारी तोच. चाळिसांचं काम चौघांत. शनिवारी शेवटचा फोटो झाला की मात्र चौघांनाही कायमची झोप.

त्यातल्या तीन नंबरच्या उंदरावर माझा जीव. बुधवारी तो नाहीसा झाला. कडी मी लावली होती, त्यानंच आतून काढली.

प्रयोगशाळेचे विरेशसाहेब तडकले. “तिघांवर निकाल देता येत नाही. आता जुन्या पद्धतीनं करा. चाळीस मागवा.”

“त्येच्या आदी मला त्या डब्यात घाला.”

“तुमचं डोकंसुद्धा मावणार नाही त्यात.”

“मग मोठा डबा मागवा. मी दारातनं हालणार न्हाय.”

आणि पडलो की उंबऱ्यावर आडवा. चहावाला मला ओलांडून आत गेला, कप घेऊन परत ओलांडून बाहेर आला. साहेबांनी चाळीस मागवायला फोन उचलला, तसा मी उठलो आणि दारालगतचं मेन स्विच खाली ओढलं.

बिनखिडक्यांची खोली, मिट्ट काळोख. कपाटाखाली हुरड्याच्या आगटीतल्या निखाऱ्यासारखं लालभडक काहीतरी. तीन नंबर! उजेड एवढा, की टेबलावरच्या पेपरातल्या निधनवार्ता मी सगळ्या वाचून काढल्या.

“चाळीस रद्द,” मी म्हणालो. “आन् शनिवारी ह्येला हात लावायचा न्हाय.” साहेबांनी मान डोलावली आणि फोन ठेवला.

काल ओट्यावर एवढं सांगून झालं. माझी सून पूनम त्याच प्रयोगशाळेत कॅमेरा चालवते. ती शेंगा सोलत बसली होती.

“आप्पा, त्यो उजेड उघड्या डोळ्याला दिसत न्हाय. कॅमेरा पाच मिन्टं टक लावून बसतो, तवा कुटं ठिपका उमटतो.”

“मग अंधारात मला सापडला कसा?”

“सापडला न्हाय, तुमीच सोडला. तुमच्या बंडीचा खिसा मीच शिवला की. आतनं कुरतडलेला, आन् तळाला लेंड्या.”