कारखानीसकाकांचं कोर्ट

कारखानीसकाकांच्या घरी ताटलीत लाडू दिसले, तर उचलण्याआधी एकदा विचारून घ्यावं. मी विचारलं नव्हतं. दात रुतल्यावर कळलं, की लाडू मातीचा आहे.

"अरे थांब, ते सँपल आहे!" काका धावत आले. मला वाटलं, माझ्या दातांची काळजी. पण त्यांनी लाडू हातात घेऊन नुसत्या दातांच्या खुणा निरखल्या. "बघ, कुठेही तडा नाही. साइंटिफिकली पाहिलं तर ही एकदम चिकण माती आहे."

"मला चवीवरूनच कळलं," मी म्हणालो.

काका केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयातून निवृत्त झालेले. सारी नोकरी मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये काढली आणि मग मानेसरच्या पलीकडे प्लॉट घेऊन घर बांधलं. शेजारी आम्ही. आख्ख्या गल्लीत मराठी घरं दोनच, त्यामुळे काकांचं प्रत्येक संशोधन सगळ्यात आधी आमच्यावर आदळतं. सोलर कुकरच्या वर्षी आम्ही अर्धी कच्ची खिचडी खाऊन "वा, वा" म्हटलेलं आहे.

एका हिवाळ्यात काकांनी जाहीर केलं, की घरामागच्या अंगणात बॅडमिंटन कोर्ट होणार. काका आयुष्यात खेळले असतील तर फक्त पत्ते. "तुम्ही बॅडमिंटन खेळता?" मी विचारलं.

"खेळणं वेगळं, कोर्ट वेगळं," काका म्हणाले. "सगळ्या कॉलनीच्या फिटनेसचा प्रश्न आहे."

ठेकेदार चौधरीजी आले. "सर जी, टेन्शन मत लो. ऐसा पक्का बनाएँगे कि ट्रक चढ़ा दो."

"ट्रक नहीं चढाना है," काका म्हणाले, "शटल गिराना है."

दोघांचं लगेच जमलं, कारण कोर्टाबद्दल दोघांनाही सारखंच ज्ञान होतं. होळीच्या आसपास मातीवर थेट काँक्रीट पडलं. त्यावर काकांनी स्वतः निवडलेला गडद हिरवा रंग. दिसायला सुरेख. मग मे महिना आला. भर दुपारी काका कोर्टाची पाहणी करायला उतरले आणि अनवाणी परत आले. चपला रंगाला चिकटून कोर्टाच्या मधोमध उभ्या होत्या, जणू काका अदृश्य होऊन सर्व्हिस करताहेत.

नीलाकाकूंनी मात्र त्या कोर्टाचं सोनं केलं. दुसऱ्याच दिवशी त्यावर जुनी चादर अंथरून बटाट्याचे पापड घातले.

"अगं, स्पोर्ट्स सरफेस आहे हा!" काका ओरडले.

"खेळायला येतंय का कोणी? मग पापड तरी वाळू देत," काकू म्हणाल्या. पापड तासाभरात कडकडीत. आमच्या घरीही आले. एका बाजूने किंचित हिरवे होते, पण आम्ही "वा, वा" म्हटलं.

पावसाळ्यात खालची माती पाणी पिऊन फुगली. एक कोपरा वर आला, दुसरा होता तिथेच राहिला आणि मधून भेग गेली. चौधरीजी म्हणाले, नजर लगी है. काका म्हणाले, साइंटिफिकली पाहिलं तर तुमची अक्कल लगी है. पण त्या दिवसापासून त्यांनी मातीचा ध्यास घेतला. स्वयंपाकघरातले डबे मातीने भरले, काचेच्या ग्लासांत गढूळ पाणी निवळत बसलं आणि ताटलीत ते लाडू आले. दाताला लागला तो त्यातलाच.

पाऊस संपल्यावर आख्खं कोर्ट उखडलं. माती कमरेएवढी खणून काढली, खडीचे थर दाबून बसवले, चहूबाजूंनी पाणी वाहून जायला चर काढले आणि मग नवं काँक्रीट. रंग या वेळी फिकट, चपला न खाणारा. शिवाय भोवती उंच हिरवी जाळी, इतकी दाट की आतलं काही दिसू नये. गल्लीतले लोक म्हणाले, साहेबांना कोर्टाला पण पडदा पाहिजे.

झालं. आता कॉलनीच्या फिटनेसची वाट पाहायची. मी तर करोल बागेत जाऊन रॅकेटसुद्धा आणली. पण विचारलं की काकांचं उत्तर तयार. आज रंग ओला आहे. आज नेट सैल आहे. एकदा म्हणाले, "माती सेटल होऊ दे रे." थंडी ओसरायला लागली तरी माती सेटल होईना.

एका संध्याकाळी मी चिडून रॅकेट उचलली. "आज जाब विचारतोच. वर्षभर माती खाल्ली आहे मी यांच्यासाठी, अक्षरशः."

शर्वरीनं, माझ्या बायकोनं, दारातच अडवलं. "नको जाऊस. ही वेळ काकूंची आहे."

"कसली वेळ?"

"गेल्या वर्षी थंडीत काकूंचं ऑपरेशन झालं. छातीचं. डावा हात खांद्याच्या वर जात नाही आणि त्या डावखुऱ्या. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, त्यांनी सोडून दिला. पार्कात तर जातच नाहीत, लोक बघतात म्हणून. कॉलेजात असताना नागपूरला बॅडमिंटन खेळायच्या. मला आत्ता परवा सांगितलं त्यांनी. काकांनी कुणालाच सांगायचं नाही म्हटलं होतं."

मी रॅकेट कोपऱ्यात ठेवली आणि उगाचच झाडांना पाणी घालायला मागे गेलो. जाळीपलीकडून आवाज येत होते.

"आणखी थोडं वर, नीला."

"नाही जात हो."

"बरं. इथवर आला, पुष्कळ झालं. हे घे, परत टाकतो."

टप्. मग बराच वेळ काहीच नाही. बहुधा काका वाकून शटल शोधत होते.

"तुम्ही किती वाईट खेळता हो!"

"मी कुठे खेळतोय? मी फक्त टाकतोय. हं, घे."

या वेळचा आवाज वेगळा होता. खणखणीत. पांढरं शटल जाळीच्या वरून आलं आणि माझ्या मिरचीच्या कुंडीत पडलं.

"गेलं पलीकडे," काकांचा आवाज. "वाऱ्यानं गेलं असेल."

"वारा कसला?" काकू म्हणाल्या. "मी मारलंय ते!"

मी शटल उचललं. जाळीवरून परत टाकलं आणि पाय न वाजवता घरात आलो.